स्त्रीवाद : जहाल की मूलगामी?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या कार्यक्रमात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून दोन-चार मित्रांनी मला बाजूला घेऊन विचारले, "अहो, डिप्लोमावाला माणूस तुम्ही, रूळ आणि पूल सोडून हे काय काढलेत?" प्रश्न रास्त आहे. मी समाजशास्त्राचा अभ्यासक नाही. माझी मुलगी समाजशास्त्र घेऊन बी. ए. करते. तिच्या पुस्तकातल्या एका प्रकरणावरून घरात वाद झाला, वादातून वाचन झाले, आणि जे वाचले ते आपल्यासमोर यथामती ठेवतो आहे.

त्या प्रकरणाचे नाव होते 'जहाल स्त्रीवाद'. जहाल म्हटले की आपल्याला मवाळ आठवतात, आणि पाठोपाठ टिळक-गोखले. परंतु मूळ इंग्रजी शब्द 'रॅडिकल' हा लॅटिनमधल्या 'मूळ' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. रॅडिकल म्हणजे मुळापर्यंत जाणारा. म्हणून काही अभ्यासक 'मूलगामी' हा शब्द वापरतात, आणि मला तोच योग्य वाटतो. 'जहाल' म्हटले की ऐकणारा आधीच बाह्या सरसावतो. 'मूलगामी' म्हटले तर निदान तो विचारतो, की मूळ कुठे आहे?

रेल्वेच्या मंडळींना हे लगेच कळेल. एखाद्या ठिकाणी रूळ पुन्हा पुन्हा खाली बसतो. आपण खडी घालतो, पॅकिंग करतो, गाडी जाते. पावसाळ्यात पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी जाणता माणूस म्हणतो, "बाबांनो, वर काय ठोकता? खाली भरावात कुठेतरी पाणी मुरते आहे." स्त्रियांच्या प्रश्नाबाबत मूलगामी विचार नेमके हेच म्हणतो.

स्त्रीवादाचे तीन मुख्य प्रवाह पुस्तकात दिलेले असतात. उदारमतवादी म्हणतात : शिक्षण द्या, मतदान द्या, नोकरीत समान संधी द्या, प्रश्न सुटेल. मार्क्सवादी म्हणतात : मूळ खासगी मालमत्तेत आहे. एंगल्सने १८८४ मध्ये कुटुंबाच्या उगमावर पुस्तक लिहून ही मांडणी केली. तिसरा प्रवाह मूलगामी. तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जोरात पुढे आला. १९७० या एकाच वर्षी केट मिलेट यांचे 'सेक्शुअल पॉलिटिक्स' आणि शुलामिथ फायरस्टोन यांचे 'द डायलेक्टिक ऑफ सेक्स' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पुरुषाची स्त्रीवरची सत्ता, म्हणजे पितृसत्ता, ही इतर कुठल्या अन्यायाची शेपटी नव्हे. ती स्वतंत्र व्यवस्था आहे, आणि तिची पहिली शाळा म्हणजे घर. राजकारण म्हणजे केवळ निवडणुका नव्हेत. जिथे एक गट दुसऱ्यावर ताबा ठेवतो तिथे राजकारण असते, मग ते संसदेत असो वा स्वयंपाकघरात. 'जे खासगी तेच राजकीय' हे या चळवळीचे घोषवाक्यच झाले.

याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या घरात सापडेल. नवऱ्याच्या बदलीचा आदेश येतो. आदेशावर नाव एकाचे असते, पण सामान दोघांचे बांधले जाते. या सभागृहातल्या किती भगिनी अकोल्याची, नाशिकची, सांगलीची शाळा किंवा बँक सोडून इथे फरीदाबादला आल्या? त्या सोडलेल्या नोकरीची नोंद कुठल्याही सेवापुस्तकात नाही. आपण त्याला 'घरातली तडजोड' म्हणतो. मूलगामी विचार विचारतो, की ही तडजोड बहुतेक वेळा एकाच बाजूने का होते?

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे खूळ, आपल्याला काय त्याचे? म्हणूनच मी आपल्या बुलढाण्याकडे वळतो.

१८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, अनैतिक संबंधातून जन्मलेल्या आपल्या मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली. परंतु वृत्तपत्रांतून चर्चा सुरू झाली ती स्त्रीजातीच्या बदफैलीपणाची. 'पुणे वैभव' हे सनातनी वळणाचे पत्र त्यात पुढे होते. हे वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले आणि ते १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. ताराबाई मराठा घरातल्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते.

ताराबाईंची पद्धत एखाद्या हिशेबनिसासारखी आहे. साहस, कपट, मूर्खपणा, व्यभिचार असे जे जे दोष बायकांच्या नावावर मांडले गेले, ते एकेक घेऊन त्या विचारतात की हे पुरुषांत नाहीत काय? विधवेच्या पोटी मूल आले तर त्या मुलाचा बाप कुठे गेला? बायको मेली की नवरा दुसरी करतो, नवरा मेला की बाईने मात्र जिवंतपणी मरायचे, हा नियम कोणी केला? त्यांनी शाळा मागितली नाही की नोकरी मागितली नाही. धर्म, पुराणे, नाटके, कादंबऱ्या आणि घर यांतून वाहणाऱ्या पुरुषी सत्तेलाच त्यांनी हात घातला. केट मिलेट यांच्या आधी ८८ वर्षे! मिलेट यांनीही साहित्यातूनच पुरुषी सत्तेचा पुरावा काढला आहे.

पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधकांतल्या काहींनाही ते रुचले नाही. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' मधून ताराबाईंची बाजू घेतली. ज्या जोतीरावांनी १८६३ मध्येच पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते, त्यांना विजयालक्ष्मीचा प्रश्न नवा नव्हता. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. हेही पुढे विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा मराठी वाचकाला कळले की आपल्या घरात काय पुरून ठेवले होते.

त्याच दशकातली दुसरी स्त्री म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झाले. मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलानंतर मात्र १८८७ मध्ये आदेश झाला, की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरतेतच अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली.

गणेशोत्सवाच्या मांडवात उभे राहून एक गोष्ट टाळता येणार नाही. ज्या लोकमान्यांनी १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्यांचा 'केसरी' या खटल्यात रखमाबाईंच्या विरोधात होता. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करणाऱ्या १८९१ च्या कायद्यालाही त्यांचा विरोध होता. परक्या सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये ही त्यांची भूमिका होती. आगरकरांचे मत याउलट. लोकमान्यांविषयीच्या आपल्या आदराला यामुळे धक्का लागण्याचे कारण नाही. पण देशाच्या स्वातंत्र्याचा विचार करणाऱ्या एवढ्या थोर माणसालाही घरातल्या स्वातंत्र्याचा प्रश्न 'नंतरचा' वाटला, यावरून पाणी किती खोल मुरले होते ते कळते.

आता स्वतंत्र भारतात येऊ. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा नावाचे स्टेशन आहे. गाव देसाईगंज, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, आता गडचिरोलीत. तिथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. हेच ते 'मथुरा प्रकरण'. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असावी, असा युक्तिवाद मान्य झाला. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता : दबून गप्प बसणे आणि संमती देणे या दोन गोष्टी एक कशा?

हा प्रश्न थेट मुळाला भिडणारा होता. १९८० च्या आरंभी मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' स्थापन झाला आणि त्या वर्षीच्या ८ मार्चला अनेक शहरांत मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अत्याचाराच्या खटल्यात, संबंध सिद्ध झाल्यावर, 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. आज जे हक्क आपल्या मुलींना आहेत त्यांच्या पायाशी वडशाची ती मुलगी आहे.

तिसरे उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. फायरस्टोनबाईंचा असा होरा होता की गर्भधारणेचे ओझे हेच स्त्रीच्या दास्याचे मूळ आहे आणि यंत्रे ते ओझे हलके करतील. यंत्रे आली खरी, पण सोनोग्राफी आपल्याकडे मुलगी हुडकून काढण्याच्या कामाला लागली. यंत्र बदलले, चालवणाऱ्याची दृष्टी बदलली नाही. त्याविरुद्ध मुंबईत चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो कागदावरच राहतो म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांतही मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था होत्या. आणि या कायद्याखाली डॉक्टरला कैदेची पहिली शिक्षा म्हणून देशभर गाजलेला निकाल कुठला? मार्च २००६ चा, पलवलचा! आपली लोकल जिथपर्यंत जाते ते पलवल, आणि तेव्हा ते फरीदाबाद जिल्ह्यातच होते.

आपण मराठी माणसे हरियाणाला नावे ठेवतो. आकडे बघा. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे हरियाणात २००१ मध्ये ८१९ मुली होत्या, २०११ मध्ये ८३४ झाल्या. महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. हरियाणा खालून वर चढला, महाराष्ट्र वरून खाली घसरला. जिजाऊ आणि सावित्रीबाईंचा वारसा सांगून हे झाकता येणार नाही.

या विचारात उणिवा नाहीत असे नाही. सगळ्या स्त्रिया एकाच दावणीला बांधलेल्या, असे त्यात गृहीत धरले जाते. ते खरे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात दाखवून दिले होते की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जात टिकवण्याची साधने आहेत. पुढे मिलेट यांचा प्रबंधही त्याच विद्यापीठातला, हा एक योगायोग. पुण्याच्या प्राध्यापिका शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात जात वगळून केलेला स्त्रीवाद अपुरा कसा, हे दलित स्त्रीच्या जागेवरून मांडले. दुसरा आक्षेप असा, की हा विचार पुरुषांना शत्रू मानतो. काहींनी तसे लिहिलेही आहे. पण ताराबाईंच्या पाठीशी जोतीराव उभे राहिले होते, आणि खुल्या पत्राखाली दोन पुरुषांच्या सह्या होत्या. भांडण पुरुषाशी नसून त्याला जन्माबरोबर फुकट मिळालेल्या अधिकाराशी आहे, असा अर्थ मी घेतो.

शेवटी आपल्या मंडळाकडे येतो. महाप्रसादाची भाजी ढवळायला आपण पुरुष हौसेने पातेल्याशी उभे राहतो, त्याचा फोटोही निघतो. घरी मात्र चहाचे आधण आपल्याला दिसत नाही. आपल्या देणगीदारांच्या यादीत 'श्री. व सौ.' असते, त्या 'सौ.' ला नाव नसते. आणि आपले हळदीकुंकू! पत्रिकेवर 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे' असे छापतो. ज्या भगिनीचा नवरा गेला, तिने त्या संध्याकाळी आपल्याच मंडळाच्या कार्यक्रमाला घरी बसायचे. १८८२ मध्ये ताराबाईंनी विचारलेला प्रश्न आपल्या पत्रिकेवर आजही छापलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या. राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांनाही तसे आवाहन केले. एक खेडे जे करू शकते, ते शिकल्यासवरलेल्या आपल्या मंडळाला जड जाऊ नये.

म्हणून कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवतो. पुढील वर्षीच्या पत्रिकेत 'सुवासिनी' ऐवजी 'सर्व भगिनी' असे छापावे, आणि ज्या भगिनी इतकी वर्षे आल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन आपण स्वतः आमंत्रण द्यावे. दुसरे, देणगीदारांच्या यादीत प्रत्येक स्त्रीचे स्वतःचे नाव असावे. एवढ्याने भरावातले पाणी आटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाणी कुठे मुरते हे एकदा कळल्यावर नुसती वरून खडी टाकत राहणे हे कामात बसत नाही, एवढे रेल्वेने मला शिकवले आहे.