कापूस-खरेदीची पुनर्रचना : कोणासाठी?

(राजूर, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचा मजकूर)



वणी तालुक्याच्या या परिसरातून दोन प्रकारचा माल देशाच्या बाजारात जातो. एक जमिनीच्या पोटातून निघतो, दुसरा तिच्या पाठीवर पिकतो. लोकभाषेत एकाला काळे सोने म्हणतात, दुसऱ्याला पांढरे. योगायोग असा, की या दोन्ही मालांच्या व्यवहाराला सार्वजनिक स्वरूप देण्याचे प्रयत्न एकाच सुमारास झाले. महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी 1972-73 च्या हंगामात सुरू झाली, आणि 1 मे 1973 रोजी बिगर-कोकिंग कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे दोहोंची वाट वेगळी झाली. 2020 पासून व्यावसायिक खाणकामासाठी लिलाव सुरू झाले असले, तरी कोळशाच्या उत्पादनात सार्वजनिक क्षेत्राचाच वाटा आजही प्रमुख आहे. कापसातील एकाधिकार मात्र या शतकाच्या पहिल्या दशकात संपुष्टात आला.

या दोन मालांचा प्रवास शेजारी ठेवून पाहिला, तर आज गाजत असलेल्या ‘पुरवठा-साखळी’ या शब्दाचा अर्थ उलगडतो. वीज केंद्राला जाणारा कोळसा प्रामुख्याने दीर्घ मुदतीच्या लेखी कराराने जातो. त्याचे प्रमाण, भावाचा आधार आणि वाहतुकीची जबाबदारी माल हलण्यापूर्वीच ठरलेली असते. प्रतवारीवरून खाण कंपन्या व वीज केंद्रे यांच्यात तंटे वाढले, तेव्हा गेल्या दशकात नमुना तपासण्याचे काम केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या तिसऱ्या पक्षाकडे सोपविण्यात आले. विकणाराही नव्हे आणि घेणाराही नव्हे, अशाने माप करावे, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

कापसाचे काय? शेतकरी भाड्याची गाडी करतो, माल भरतो, खरेदी केंद्राच्या आवारात रांगेत उभा राहतो, आणि तेथे पोहोचल्यावर त्याला कळते, की ओलावा किती निघाला, प्रत कोणती ठरली आणि भाव काय मिळणार. ग्रेडर हा घेणाऱ्याच्या बाजूचा. माल नाकारला गेला, तर परतीचे भाडे शेतकऱ्याच्या माथी; आणि ते भाडे परवडत नाही, म्हणून तोच माल पडत्या भावाने व्यापाऱ्याच्या काट्यावर उतरतो. एका मालाच्या पाठीशी संस्था उभी आहे, दुसऱ्याच्या मागे एकटा माणूस. दोन साखळ्यांतील खरा भेद हा आहे.

शेतापासून ग्राहकापर्यंत माल, पैसा आणि माहिती यांचा जो प्रवाह चालतो, त्याला पुरवठा-साखळी म्हणतात. हा प्रवाह सुरळीत करण्यासाठी दोन साधने सांगितली जातात : कार्यपद्धतीची पुनर्रचना आणि माहिती-तंत्रज्ञान. अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी 1990 साली या विषयावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या निरर्थक पायऱ्यांना यंत्र जोडण्यात अर्थ नाही. आधी त्या पायऱ्याच काढून टाकल्या पाहिजेत. त्यांनी फोर्ड कंपनीचे उदाहरण दिले. तिच्या देणी-विभागात पाचशेहून अधिक माणसे होती, तर मुख्यतः मागणीपत्र, पोचपावती आणि बिल यांचा मेळ घालण्यात त्यांचा वेळ जाई. फोर्डने बिलच रद्द केले. माल पोहोचला आणि त्याची मागणीशी जुळणी झाली, की पैसे द्यायचे, अशी रीत बसवली. मनुष्यबळात सुमारे तीन-चतुर्थांश घट झाली.

या उदाहरणातून समाजवादी कार्यकर्त्याने दोन गोष्टी घ्याव्यात. पायऱ्यांची चिकित्सा करण्याची पद्धत मोलाची आहे. ती भांडवलदाराने वापरली म्हणून टाकाऊ ठरत नाही. मात्र कोणती पायरी निरर्थक आणि कोणाचा वेळ वाया गेलेला, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच सोयीने पुनर्रचना होते. फोर्डच्या हिशेबात जी बचत होती, तीच त्या विभागातील कारकुनांच्या हिशेबात बेकारी होती.

वऱ्हाडाला हा धडा नवा नाही. 1853 साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांनी ताब्यात घेतला तो प्रामुख्याने कापसावर डोळा ठेवून. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल आटला, आणि येथील कापसाचा मार्ग सुधारण्याची घाई सुरू झाली. 1870 मध्ये खामगावच्या बाजारपेठेपर्यंत रेल्वे आली. तारायंत्राने परदेशातील भाव व मागणी येथपर्यंत पोहोचू लागली. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद मार्गाची रेल्वे, म्हणजेच लोकांची ‘शकुंतला’, धावू लागली ती कापूस वाहण्यासाठी. त्या काळच्या मानाने ही अत्यंत कार्यक्षम पुरवठा-साखळी होती. माल वेगाने गेला, माहिती त्याहून वेगाने आली. परंतु माहिती व्यापाऱ्याच्या पेढीवर थांबली आणि सावकाराचे व्याज शेतकऱ्याच्या दारी राहिले. वेग वाढला, म्हणजे न्याय वाढला, असे होत नाही.

एकाधिकार खरेदी ही या साखळीची पहिली मोठी स्वदेशी पुनर्रचना होय. व्यापारी, अडत्या, दलाल या मधल्या कड्या काढून राज्याने थेट खरेदी करावी, हमी भाव द्यावा, आणि रुई व सरकी विकून नफा उरल्यास तो अतिरिक्त भावाच्या रूपाने उत्पादकाला परत करावा, अशी ती कल्पना होती. तिचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. अनेक हंगामांत तिने शेतकऱ्याला पडत्या बाजारात आधार दिला. परंतु तिचे दोष झाकणे हेही कार्यकर्त्याला शोभणारे नाही. चुकाऱ्यासाठी शेतकऱ्याला ताटकळावे लागे. ग्रेडरच्या मर्जीवर प्रत ठरे. शेजारच्या राज्यांत भाव चढला, की येथील कापूस सीमा ओलांडून जाई. तेथे भाव पडला, की तिकडचा कापूस येथील केंद्रावर येई. भाव ठरविताना हिशेबापेक्षा निवडणुकीचा विचार वरचढ ठरू लागला आणि तोटा साचत गेला. साखळीची मालकी बदलली, पण तिच्यातील कामाची रीत तीच राहिली. शेतकरी तेव्हाही याचक म्हणूनच केंद्रावर जात होता.

आता दुसरी पुनर्रचना आली आहे, ती संगणकाच्या मार्गाने. 2025-26 च्या हंगामापासून भारतीय कपास महामंडळाने ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवरून नोंदणी व विक्रीची तारीख घेण्याची पद्धत लागू केली. सातबारा, पीकपेऱ्याची नोंद आणि आधार यांच्या आधारे नाव नोंदवायचे, दिवस ठरवून घ्यायचा, माल न्यायचा आणि पैसे थेट बँकेत यायचे. रांग कमी व्हावी, मधल्या माणसाने शेतकऱ्याच्या नावावर आपला माल खपवू नये, हे हेतू योग्य आहेत. चुकारा थेट खात्यात जमा होणे ही तर एकाधिकाराच्या काळातील गाऱ्हाण्यावर झालेली खरी सुधारणा आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण हॅमरच्याच कसोटीवर ही पद्धत तपासली, तर काय दिसते?

पहिली बाब ओलाव्याची. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमी भाव क्विंटलला 8,110 रुपये आणि मध्यम धाग्याचा 7,710 रुपये ठरला. पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर खरेदी नाही. पाणी रुईच्या भावाने विकले जाऊ नये, हे न्याय्यच आहे. वाद कपातीचा नाही. वाद आहे तो मोजणी कोठे आणि केव्हा होते, याचा. 12 टक्के ओलाव्याचा 20 क्विंटल कापूस नेणाऱ्याला क्विंटलमागे 324 रुपये 40 पैसे, म्हणजे एकूण 6,488 रुपये कमी मिळतात. ओलावा त्याच्या किंचित वर गेला, तर सारी गाडी परत. पहिल्या वेचणीचा कापूस परतीच्या पावसात आणि दवात भिजलेला असतो, आणि नेमका तोच विकून शेतकऱ्याला देणी भागवायची असतात, रब्बीचे बियाणे आणायचे असते. गावातच मोजणी झाली असती, तर त्याने तो माल चार दिवस उन्हात वाळवला असता. आज हे ज्ञान त्याला भाडे खर्चून मिळते.

दुसरी बाब नावाची. जो सातबाऱ्यावर आहे तो शेतकरी, असे संगणक मानतो. परंतु या जिल्ह्यात ठेक्याने व बटाईने शेती कसणारे किती आहेत, हे प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. करार तोंडी, उतारा मालकाच्या नावाचा, बँक खाते मालकाचे. नवरा गेल्यावर शेती ओढणारी, पण फेरफारात अद्याप नाव न चढलेली बाईही याच गटात मोडते. घाम यांचा, पण हमी भावाच्या दारात यांना प्रवेश नाही. यांचा कापूस खेडा खरेदीच्या काट्यावर जातो.

तिसरी बाब मर्यादेची. एकरी किती कापूस घ्यायचा, हे उत्पादकतेच्या सरासरीवरून ठरते. सरासरी ही कागदावरची वस्तू आहे. ज्याने ओलिताखाली चांगले पीक घेतले, त्याचा जादा कापूस या हिशेबात संशयास्पद ठरतो.

चौथी बाब कागदांची. सातबारा शासनाकडे आहे. 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीची नोंदही शासनाकडेच आहे. मग शासनाने शासनालाच विचारायची माहिती शेतकऱ्याने पुन्हा का पुरवावी? फोर्डने ज्या प्रकारची पायरी 35 वर्षांहून अधिक काळापूर्वी निरर्थक ठरवली, तीच येथे मोबाइलवर चढवून आधुनिक म्हणून मिरवली जात आहे.

साखळीच्या पुढच्या टोकाला मात्र चित्र वेगळे आहे. सुमारे 5 क्विंटल कापसातून 170 किलो रुईची एक गाठ बांधली जाते. त्या गाठीवर आता क्यूआर संकेत असतो. ती कोणत्या कारखान्यात बांधली गेली, हे गिरणीला कळते. गिरणीची सोय येथेच थांबत नाही. 19 ऑगस्ट 2025 रोजी कापसावरील 11 टक्के आयात-शुल्क उठविण्यात आले आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. ऐन वेचणीच्या तोंडावर एका अधिसूचनेने गिरण्यांचा कच्चा माल स्वस्त झाला. त्यासाठी कोणत्याही गिरणीमालकाला रांगेत उभे राहावे लागले नाही.

आणि ज्या तंत्राने गाठीचा माग काढता येतो, त्याच तंत्राने कीटकनाशकाच्या बाटलीचा माग का काढता येऊ नये? 2017 च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. शेतीत येणाऱ्या मालाची साखळी अंधारात राहते आणि शेतीतून जाणाऱ्या मालाची साखळी उजेडात येते, याचे कारण तांत्रिक नाही. उजेड कोठे पाडायचा, हे घेणारा ठरवतो.

तंत्रज्ञान लोकांच्या बाजूने उभे करता येते, याचे एक अपुरे राहिलेले उदाहरण चिलीत घडले. 1971 साली अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने ब्रिटिश तज्ज्ञ स्टॅफर्ड बीअर यांच्या साहाय्याने ‘सायबरसिन’ ही योजना हाती घेतली. राष्ट्रीयीकृत कारखाने टेलेक्सने जोडण्यात आले. ऑक्टोबर 1972 मध्ये मालमोटार-मालकांनी सरकारची कोंडी करण्यासाठी संप पुकारला, तेव्हा याच टेलेक्स-जाळ्याच्या आधारे उरलेल्या मोजक्या गाड्यांतून अन्न व इंधन हलविण्यात आले. 11 सप्टेंबर 1973 च्या लष्करी उठावात आयेंदे यांचा अंत झाला आणि ती योजनाही बुडाली. कामगारांचा सहभाग हा तिचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात आराखडे बहुतांशी अभियंत्यांनीच आखले, ही तिची उणीव. तरीही यंत्र साधे असले आणि हेतू स्पष्ट असला, तर साखळी जनतेसाठी चालू शकते, एवढे तिने दाखवले.

यावरून मागण्यांची दिशा ठरते. ओलाव्याची तपासणी व प्राथमिक वजन पाच-दहा गावांच्या गटात, गाडी भरण्यापूर्वी व्हावे. प्रतवारीच्या तंट्यात कोळशाप्रमाणे तिसऱ्या पक्षाची तपासणी असावी, आणि तिचा निकाल त्याच दिवशी मिळावा. कसणाऱ्याची नोंद ग्रामसभेच्या दाखल्याने मान्य व्हावी व चुकारा त्याच्या खात्यात यावा. शासनाजवळ असलेला कागद शेतकऱ्याकडे मागू नये. माल वाळेपर्यंत व भाव सुधारेपर्यंत थांबता यावे, म्हणून गोदामाच्या पावतीवर तत्काळ कर्ज मिळावे. थांबण्याची ताकद नसलेला विक्रेता कोणत्याही बाजारात हरतो. आणि प्रत्येक केंद्रावर किती नोंदणी झाली, किती माल घेतला, किती परत पाठवला व का, हे रोज फलकावर लागावे. आज संगणक शेतकऱ्याची माहिती महामंडळाला देतो. महामंडळाची माहिती शेतकऱ्याला देणेही त्याला तितकेच सोपे आहे.

या कामाला निवेदनांपेक्षा नोंदवह्या अधिक उपयोगी पडतील. प्रत्येक केंद्रावर दोन कार्यकर्त्यांनी हंगामभर बसावे. गाडी किती वाजता आली, काटा केव्हा झाला, ओलावा किती निघाला, परत गेलेला माल अखेर कोणाच्या काट्यावर व कोणत्या भावाने गेला, हे लिहून ठेवावे. ज्यांनी खाणीच्या वजनकाट्यावर आयुष्य घालवले, अशा राजूरच्या कामगारांइतके मापाचे मोल दुसऱ्या कोणाला कळणार? त्यांनी ही वही हाती घेतली, तर कोळशाच्या कामगाराची आणि कापसाच्या शेतकऱ्याची एकजूट सभेतल्या घोषणेपुरती राहणार नाही. ती वही घेऊन पुढच्या हंगामापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांसमोर बसता येईल आणि एकेका नोंदीचे उत्तर मागता येईल.