खेळ पाहण्याचे मोल



क्रिकेटचा हंगाम सुरू झाला म्हणजे शाळेत पहिल्या तासाला वर्गाचे दोन भाग पडलेले दिसतात. आदल्या रात्रीचा सामना ज्यांनी डोळ्यांनी पाहिला ते एकीकडे, आणि ज्यांना तो सकाळी दुसऱ्याच्या तोंडून कळला ते दुसरीकडे. पूर्वी अशी फाळणी अभ्यासू मुले आणि उनाड मुले अशी होत असे. आता ती घरातील वर्गणीवर ठरते. दूरचित्रवाणीवर आणि मोबाईलवर खेळ विनामूल्य दिसावा, की पैसे मोजणाऱ्यालाच दिसावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वर्गातील त्या दुसऱ्या भागाकडे पाहत मी तो मांडणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

खेळ कधीच फुकट नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ज्या पिढीने कानांत प्राण आणून ऐकले, त्या पिढीच्या घरी रेडिओचा परवाना असे व त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. पुढे दूरचित्रवाणी संचालाही परवाना लागला. १९८०च्या दशकात हे परवाने रद्द झाले, तरी खर्च काही नाहीसा झाला नाही. तो सरकारी तिजोरीवर आणि जाहिरातदारांवर गेला. साबणाच्या वडीची किंमत देताना सामन्याचा थोडा हिस्सा आपण देतच असतो. तेव्हा पैसे द्यावे की न द्यावे, याची चर्चा व्यर्थ होय. ज्याच्याजवळ ते नाहीत, त्याच्यासाठी दार कोठवर उघडे ठेवावयाचे, एवढाच खरा प्रश्न उरतो.

आपल्या देशात या प्रश्नाला तोंड फुटले ते १९९३ सालच्या हीरो चषकाच्या वेळी. ईडन गार्डन्सवर विजेच्या प्रकाशात झालेला तो उपांत्य सामना अनेकांना आठवत असेल. अखेरच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला ६ धावा हव्या होत्या. चेंडू तेंडुलकरच्या हाती दिला गेला आणि भारताने सामना २ धावांनी जिंकला. त्या सामन्यांमागे न्यायालयात केवढी धावपळ चालली होती, हे मात्र थोड्यांना ठाऊक असेल. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीस दिले होते, आणि या क्षेत्रात आजवर एकट्यानेच नांदलेल्या दूरदर्शनला ते रुचले नव्हते. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपले मराठी गृहस्थ होते. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; तीवर सरकारची मक्तेदारी नसावी, तशी धनवंतांचीही नसावी, असा त्या निकालाचा आशय आहे. वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाची अंमलबजावणी झपाट्याने झाली. दुसऱ्या अर्ध्याला बारा वर्षे वाट पाहावी लागली.

२००७ साली संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या क्रीडास्पर्धांचे थेट चित्र खाजगी वाहिनीने प्रसार भारतीस दिलेच पाहिजे. आणि त्यावर मिळणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातील शंभरांपैकी किमान ७५ रुपये हक्कधारकास व २५ रुपये प्रसार भारतीस, अशी ती वाटणी आहे. या यादीत ऑलिंपिक आहे, आशियाई स्पर्धा आहेत, भारतीय संघाचे एकदिवसीय सामने आहेत, विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना आहे. कोणाचा माल लुबाडला नाही आणि कोणाचे दारही बंद केले नाही. इतका समंजस कायदा क्वचितच होतो.

पण कायदा जागच्या जागी राहिला आणि भोवतालचे जग बदलले. त्या कायद्यात दोनच वाटा सांगितल्या आहेत : दूरदर्शनचे जमिनीवरील प्रक्षेपक आणि त्याची स्वतःची छत्री, म्हणजे डीडी फ्री डिश. यांपैकी जुने प्रक्षेपक २०२२पर्यंत बहुतेक सर्व बंद झाले, आणि कौलांवरचे अँटेना आता कावळ्यांना बसण्यापुरते उरले आहेत. राहिली छत्री. ती एकदा विकत घेतली की मासिक वर्गणी नाही, आणि लक्षावधी घरांवर ती आहे. परंतु ज्याच्या घरी केबल आहे त्याचे काय? ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या शब्दांवर बोट ठेवून सांगितले की, वाटून घेतलेले हे चित्र खाजगी केबलवर वा खाजगी छत्रीवर जाता कामा नये. केबलवाल्याला दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे सक्तीचे आहे, पण सामना तेवढा त्यांतून वगळावा लागतो. म्हणजे दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्या माणसाला, क्रीडावाहिनीचे आणखी पैसे दिल्यावाचून, कायद्याने विनामूल्य ठरवलेला सामना दिसत नाही! हा अडसर काढण्यासाठी २०१८ साली मंत्रालयाने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तो मसुदाच राहिला.

तिसरी वाट मोबाईलची. तिचे नावही या कायद्यातील दोन वाटांत नाही, आणि आजची मुले तर तिच्यावरूनच चालतात. आयपीएल पाहा. राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत ती नाही, नसावीही. तो धंदा आहे आणि धंदा म्हणूनच चालावा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे तिचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. २०२३ व २०२४ साली मोबाईलवर सामने विनामूल्य दिसले. पुढे दोन मोठ्या कंपन्या एकत्र आल्या, स्पर्धा संपली, आणि २०२५ साली वर्गणी आली. नवा दुकानदार पहिले दोन दिवस पेढे वाटतो, त्याला आपण दानशूर म्हणत नाही. ते पेढे होते, एवढेच.

या पैशाची बाजूही ऐकली पाहिजे. रणजी सामने खेळणाऱ्या साध्या खेळाडूचे पोट आज भरते ते याच उत्पन्नावर. २०२२ साली स्त्री-खेळाडूंना प्रत्येक सामन्यामागे पुरुषांइतके मानधन देण्याचे ठरले, तेही रिकाम्या तिजोरीतून झाले नसते. सर्व सामने सर्वांना विनामूल्य, ही मागणी म्हणूनच मला पटत नाही.

तथापि सगळेच कुलपात घातले तर काय होते, हे इंग्लंडने अनुभवले आहे. २००५ सालची अॅशेस मालिका तेथे घरोघर विनामूल्य दिसली आणि सारा देश वेडावला. पुढल्याच वर्षापासून इंग्लंडचे मायदेशातील सामने वर्गणीच्या वाहिनीवर गेले. १४ जुलै २०१९ रोजी इंग्लंडचा संघ लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला, तेव्हा तेवढ्या एका दिवसासाठी त्या वाहिनीने आपले चित्र विनामूल्य वाहिनीला दिले. मधल्या काळात शाळेत गेलेल्या कित्येक मुलांना आपला संघ खेळताना थेट पाहण्याचा तो पहिलाच प्रसंग असेल. चौदा वर्षे म्हणजे एका मुलाचे सबंध बालपण होय.

१९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या गोळेश्वरास ते दिसण्याचा काही उपायच नव्हता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. ती ऑलिंपिक स्पर्धा दूरदर्शनवर होती आणि मोबाईलवरही विनामूल्य होती. नेमबाजी पाहण्यासाठी कोणी वेगळी वर्गणी भरली असती का? क्रिकेटला गिऱ्हाईक कोठेही मिळेल. कुस्ती, नेमबाजी, हॉकी यांना आधी प्रेक्षक मिळावा लागतो. आणि ज्या खेळाला अजून बाजारच नाही, त्याच्या दारात तिकिटाची खिडकी मांडून काय साधणार?

म्हणून कायद्यात दोन दुरुस्त्या व्हाव्यात. यादीतील सामन्यांचे दूरदर्शनवरील चित्र केबलवरही जाऊ द्यावे. आणि तेच चित्र जाहिरातींसह मोबाईलवर विनामूल्य दाखवण्याची मुभा प्रसार भारतीस मिळावी, उत्पन्नाची वाटणी हवी तर आहे तीच ठेवून. यादी लहान असली तरी चालेल. ऑलिंपिक, आशियाई स्पर्धा, विश्वचषकाचे निर्णायक सामने, आणि देशाच्या नावाने जो संघ उतरतो त्याचे खेळ, मग तो पुरुषांचा असो वा स्त्रियांचा, एवढे त्यात असावे. बाकीचे लिलावात जावो.