न दुखणारी गाठ

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण संसारात पुष्कळ वेळा उपयोगी पडते. घरातील उणेपणा चार लोकांपुढे मांडू नये, मनातील दुःख चव्हाट्यावर आणू नये, हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या आईने मुलीला शिकविले आहे. परंतु एक प्रसंग असा आहे की, तेथे हीच म्हण घात करते. स्तनात गाठ लागणे हा तो प्रसंग होय. तेथे मूठ जितके दिवस झाकून ठेवावी तितके तिचे मोल वाढत नाही, उलट हातचे काही तरी निसटत जाते. आणि जे निसटते ते आयुष्य असते.

पंचेचाळिशीच्या आसपासची एखादी गृहिणी डोळ्यांपुढे आणावी. ती बेळगावची असेल, मडगावची असेल, इंदूरची किंवा बडोद्याचीही असेल. सकाळी स्नान करताना साबणाचा हात फिरतो आणि बोटांना वाटाण्याएवढे काही तरी टणक लागते. ती पुन्हा चाचपून पाहते. दुखत मुळीच नाही. 'दुखत नाही, त्या अर्थी काही नसेल', अशी ती मनाची समजूत घालते. बाहेर दूध उतू जाण्याच्या बेतात असते, मुलांची शाळेची वेळ झालेली असते. त्या गडबडीत गाठ मागे पडते. पुढे चतुर्थी होते, दिवाळी होते, नाताळही होऊन जातो. पतीला सांगावे तर संकोच, सासूबाईंना सांगावे तर भीती, मुलीला सांगावे तर तिची परीक्षा जवळ आलेली. अशा रीतीने ती दुखणे अंगावर काढते. वस्तुतः ते दुखतच नाही, आणि फसगत होते ती नेमकी तेथेच.

कर्करोगाची गाठ प्रारंभी बहुधा दुखत नाही. म्हणून वेदना नसणे ही निर्धास्तपणाची खूण मानू नये. उलट, गाठ दुखते म्हणून ती कर्करोगाची नव्हेच, असाही निर्वाळा देता येत नाही. बोटांनी चाचपून किंवा वेदनेवरून घरच्या घरी निकाल लावणे कोणालाही शक्य नाही. अनुभवी डॉक्टरही तेवढ्यावर निकाल देत नाहीत.

येथे एक दिलाशाची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. स्तनात लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये बोटाखालून इकडून तिकडे निसटणारी, बोरासारखी गुळगुळीत गाठ पुष्कळदा आढळते. ती तंतुमय ग्रंथीची साधी वाढ असते. पस्तिशी-चाळिशीनंतर काही गाठी केवळ पाण्याने भरलेल्या असतात. सुईने पाणी काढताच त्या बसतात. मासिक पाळीच्या आधी स्तन जड होतात, हाताला गाठीगाठी लागतात आणि पाळीनंतर त्या ओसरतात. अंगावर पाजणाऱ्या मातेला दूध साकळून गाठ होते. या सर्व गोष्टी खऱ्या आहेत. तथापि वय वाढते तशी नव्या गाठीविषयीची शंकाही वाढली पाहिजे. पाळी बंद झाल्यानंतर प्रथमच लागलेली गाठ कधीही दुर्लक्षू नये. दुधाची म्हणून मानलेली गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर तीही दाखवावी.

गाठीखेरीज आणखी काही खुणा आहेत. कातडीला खळी पडणे, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, पूर्वी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्यावरची जखम किंवा खवले बरे न होणे, काखेत गाठ लागणे, एका स्तनाचा आकार बदलणे, यांपैकी काहीही दिसले तरी तपासणीची वेळ आली असे समजावे. हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो, हेही ध्यानात असलेले बरे.

आता गाठ लागल्यावर करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे त्याच दिवशी घरातील एका विश्वासाच्या माणसाला सांगावे. बहीण, जाऊ, मुलगी, पती, कोणीही चालेल. परंतु गुपित एकटीने बाळगू नये. दुसरी गोष्ट, तारीख लिहून ठेवावी. गाठ कोणत्या बाजूला, केव्हा लागली, पाळी कधी आली होती, आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांपैकी कोणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग झाला होता काय, कोणती औषधे चालू आहेत, हे चार ओळींत मांडावे. तिसरी गोष्ट, त्याच आठवड्यात डॉक्टरांची भेट ठरवावी. घरचे डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा सरकारी रुग्णालयातील सर्जन, यांपैकी जो लवकर भेटेल तो पहिल्या तपासणीस पुरेसा आहे. स्त्री-डॉक्टर हवी असे वाटले, तर तसे मोकळेपणाने सांगावे. ती नसेल तर तपासणीच्या वेळी परिचारिका किंवा स्वतःची नातलग खोलीत असावी, अशी मागणी करण्यात गैर काहीच नाही.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. गाठ तेल लावून चोळू नये, शेकू नये, तिच्यावर लेप बांधू नये. दिवसातून दहा वेळा दाबून ती वाढली की कमी झाली, हे पाहत बसू नये. 'आमच्या शेजारणीची अशीच गाठ आपोआप गेली' या सांगण्यावर विसंबू नये. शेजारणीची गाठ शेजारणीची होती.

डॉक्टरांकडे गेल्यावर तीन साक्षी घेतल्या जातात. पहिली साक्ष हातांची. डॉक्टर दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा तपासतात; एकाच बाजूस गाठ असली तरी दुसरी बाजू सोडत नाहीत. दुसरी साक्ष चित्राची. तरुण वयात बहुधा सोनोग्राफी प्रथम करतात, कारण त्या वयातील दाट स्तनांत क्ष-किरणांचे चित्र स्पष्ट उमटत नाही. चाळिशीनंतर मॅमोग्राफी करतात व जोडीला सोनोग्राफीही घेतात. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही क्षण दाबून क्ष-किरण चित्र घेतले जाते. थोडे दुखते, परंतु ते सोसण्याजोगे असते. त्या दिवशी काखेत पावडर लावू नये, कारण तिचे कण चित्रात डागांसारखे दिसू शकतात. तिसरी साक्ष सुईची. जागा बधिर करून जाड सुईने गाठीचा लहानसा तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तिन्ही साक्षी जुळल्या म्हणजे निकाल पक्का होतो. हाताला गाठ स्पष्ट लागत असून चित्र निर्दोष आले, तर तेवढ्यावर घरी परतू नये. पुढे काय करावयाचे, हे डॉक्टरांना विचारावे. तरुण स्त्रीला एक पाळी होऊ देऊन पुन्हा येण्यास सांगितले, तर ती पुन्हा येण्याची तारीख कागदावर घेऊनच निघावे.

सुईविषयी एक भीती घरोघर ऐकू येते : 'गाठीला सुई लावली की रोग अंगभर पसरतो.' या भीतीने अनेक स्त्रिया अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. ही समजूत खरी नाही. सुईच्या तपासणीने कर्करोग पसरत नाही. तपासणी न केल्याने मात्र त्याला पसरण्यास वेळ मिळतो. याच्या उलट टोकाची चूकही होते. कोणी घाईघाईने सांगतो, 'लहान गाठ आहे, कापून टाकू.' निदानावाचून गाठ कापली आणि ती कर्करोगाची निघाली, तर पुष्कळदा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते आणि उपचाराची आखणी बिघडते. म्हणून आधी सुईचा निकाल, मग सुरी, हा क्रम सोडू नये. काढलेली कोणतीही गाठ तपासणीला पाठविल्याशिवाय राहू नये.

स्त्रियांच्या मनातील सर्वांत खोल भीती निराळीच असते. 'डॉक्टर स्तन काढून टाकतील', हे शब्द ती कोणापाशी बोलत नाही. या भीतीला इतिहासाचा आधार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सर्जन हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि पाऊणशे वर्षे तीच सर्वत्र चालली. पुढे इटलीतील मिलान येथे वेरोनेसी यांनी लहान गाठींसाठी केवळ गाठ व तिच्या भोवतीचा भाग काढून किरणोपचार देण्याची पद्धत पारखून पाहिली. १९८१ साली तिचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००२ साली वीस वर्षांचा हिशेब पुढे आला, तेव्हा दोन्ही पद्धतींनी उपचार झालेल्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच आढळले. याचा अर्थ असा की, गाठ लहान असताना आलेल्या स्त्रीचा स्तन वाचण्याचा संभव अधिक असतो. ज्या भीतीने ती घरी बसते, ती भीती घरी बसल्यानेच खरी ठरते.

उशिराची किंमत आकड्यांतही दिसते. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २३ लाख स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ६ लाख ७० हजार त्याने दगावल्या. त्याच वर्षी भारतात नव्या रुग्णांचा अंदाज १ लाख ९२ हजार आणि मृत्यूंचा सुमारे ९८ हजार होता. हे प्रमाण जगाच्या मानाने फार मोठे आहे. उपचारांची अपुरी सोय हे त्याचे एक कारण आहे, आणि रोग वाढल्यावर दवाखान्याची पायरी चढणे हे दुसरे.

हे दुसरे कारण दूर करता येते, याचे प्रमाण मुंबईतच मिळाले आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या गरीब वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हातांनी तपासत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग अधिक लवकर सापडला आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही तेथे प्रामाणिकपणे नोंदविले आहे. या कामी कोणतेही मोठे यंत्र नव्हते. शिकविलेले हात होते आणि वेळेवर दार उघडणाऱ्या स्त्रिया होत्या.

निदानात कर्करोग निघालाच, तर त्याच दिवशी धावाधाव करून शस्त्रक्रिया उरकण्याचे कारण नाही. रोग किती पसरला आहे, संप्रेरकांच्या आणि हर-टू या तपासण्यांचा निकाल काय, शस्त्रक्रिया आधी की औषधे आधी, हे विचारण्यासाठी आठवडा-दोन आठवडे देता येतात. महिने देता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आखलेल्या कार्यक्रमात, रुग्ण प्रथम दाखवावयास आल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पुरे व्हावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. ते साठ दिवस प्रत्येक घराने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मोजावेत. उपचार सुरू झाल्यावर, बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडू नयेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक अडचण अधिक असते. घरात मराठी, परंतु दवाखान्यात कानडी, तेलुगू, गुजराती किंवा हिंदी बोलावी लागते. बाजारात चालणारी भाषा अशा नाजूक विषयात अपुरी पडते. म्हणून ती भाषा नीट जाणणारे घरातील माणूस बरोबर न्यावे आणि डॉक्टरांनी सांगितलेले तेथेच मराठीत लिहून घ्यावे. सर्व अहवाल, चित्रे आणि तपासणीच्या काचपट्ट्यांची पावती एकाच पिशवीत ठेवावी. खर्चाचा प्रश्न असेल, तर दाखल होण्यापूर्वीच रुग्णालयातील आयुष्मान योजनेच्या खिडकीवर चौकशी करावी. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात.

शेवटची गोष्ट घरातील पुरुषांसाठी. पत्नी, बहीण किंवा आई असे काही सांगू लागली, तर 'काही नसेल गं' हे शब्द ओठांवर येतात. ते मायेने उच्चारलेले असतात, परंतु त्यांनी दार बंद होते. त्याऐवजी 'उद्या जाऊ या' एवढेच म्हणावे, आणि उद्या खरोखरच जावे.

आणि त्या गृहिणीचे काय? तिने रात्रीची भांडी आवरल्यावर जावेला स्वयंपाकघरात थांबवून घ्यावे आणि सांगावे. सोमवारी दोघींनी मिळून दवाखान्यात जावे. बहुतेक वेळा त्या हलक्या मनाने परत येतील, आणि पुन्हा कधी दाखवावयाचे ती तारीख कागदावर लिहिलेली असेल. एखाद्या वेळी तसे होणार नाही. परंतु तेव्हाही गाठ वाटाण्याएवढीच असेल, उपचाराची वाट मोकळी असेल आणि त्या वाटेवर ती एकटी नसेल.