खाऱ्या वाऱ्यांतील जुनी पिकअप

पेण तालुक्यांत वडखळच्या परिसरांत, धरमतरच्या खाडीलगत, डोलवी नांवाचें गांव आहे. १९९० च्या दशकांत तेथें पोलादाचा प्रचंड कारखाना उभा राहिला व तेव्हांपासून गांवाचें नांव कोंकणाबाहेरहि पोंचलें. परंतु ज्या गांवीं रात्रंदिवस पोलाद तयार होतें, त्याच गांवचा वारा उघड्यावर पडलेलें पोलाद निमूटपणें खात असतो. खारजमिनी, भरतीचें पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्या शेजारीं ज्या गृहस्थास आपल्या अंगणांत एखादी जुनी पिकअप पुन्हा उभी करावयाची असेल, त्याची खरी झुंज यंत्राशीं नसून हवेशीं असते.

या गाड्यांचें कूळ बहुधा मुंबईचेंच. शिवडीस जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें शेव्हरोले मोटारींची जोडणी सुरू केली. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडल्या. १९४५ मध्यें निघालेल्या व पुढें महिंद्र अँड महिंद्र या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेंतील विलिस कंपनीच्या जीपची जोडणी मुंबईंत आरंभिली. जीपचा वंश येथें पुढें अनेक दशकें चालू राहिला. त्यामुळें तिचे सुटे भाग आजहि मिळूं शकतात. फार्गोच्या धन्यास मात्र जुन्या भागांच्या बाजारांत चिकाटीनें फिरावें लागतें. हौस कोणत्या गाडीची करावी, याचा निर्णय घेण्यापूर्वीं हा भेद ध्यानांत घेतलेला बरा.

लोखंड गंजण्यास प्राणवायु व पाणी दोन्ही लागतात. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें आणि त्या ओलींतून वीज सहज वाहूं लागते, म्हणून खाडीकांठीं गंजाची क्रिया झपाट्यानें चालते. हा शत्रु समोरून येत नाहीं. बॉनेट ठणठणीत दिसतें, आणि दरवाजाच्या तळाशीं, पायाखालच्या रबरी चटईखालीं, पाटे जेथें सांगाड्यास जोडलेले असतात त्या कोपऱ्यांत पत्रा पोखरून गेलेला असतो. लहान हातोडीनें ठिकठिकाणीं ठोकून पाहावें. निरोगी पोलाद खणखणतें. कुजलेलें बद्द वाजतें. जुन्या मिस्त्रींचे कान या परीक्षेंत फार क्वचित् चुकतात.

पुष्कळ लोक आधीं रंगाचा डबा विकत आणतात. ही घाई बहुतेक ठिकाणीं नडते. सडलेल्या पत्र्यावर लांबी भरून वर चकचकीत रंग दिला, तर गाडी एक दिवाळी सुंदर दिसते. पुढच्या श्रावणापर्यंत रंगाला फोड येतात, कारण ओल आंतच कोंडलेली असते. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणें हाच उपाय होय. घासून उघड्या केलेल्या पोलादावर त्याच दिवशीं जस्तयुक्त अस्तर चढवावें. डोलवीच्या हवेंत एका रात्रींतहि त्यावर तांबूस छटा येऊं शकते. रंगाचें काम दिवाळीनंतर, कोरड्या दिवसांत करावें.

वर्षानुवर्षें बंद पडलेलें इंजिन एकदम फिरवूं नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडावें, दोन दिवस मुरूं द्यावें, आणि मग हँडलनें हळूच फिरवून पाहावें. विलिस जीपचें चार सिलिंडरांचें, सुमारें २.२ लिटरचें इंजिन इतक्या सरळ रचनेचें आहे कीं धीर असलेल्या माणसास तें घरींहि उमगतें. धीराबरोबर सावधपणाहि हवा. गाडीखालीं शिरतांना केवळ जॅकवर विसंबूं नये, भक्कम घोड्या लावाव्या. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीस घरीं वेल्डिंग तर कधींच करूं नये. रिकामी दिसणारी टाकी वाफेनें भरलेली असते, आणि ती वाफ भरल्या टाकीपेक्षां घातक. ब्रेकचीं रबरें व नळ्या, सुकाणूचे सांधे आणि सांगाडा यांच्या बाबतींत जुन्याचा मोह सोडावा. आतांच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुनें रबर त्यानें फुगतें व पाणी शोषलें जाऊन टाकीहि गंजते, म्हणून इंधनाच्या नळ्याहि नव्या घालाव्या.

याउलट हौद्याचें. ज्या गाडीनें आयुष्यभर भाताचीं पोतीं किंवा पेणच्या गणेशमूर्ती वाहिल्या, तिच्या हौद्यावरचे पोंचे व ओरखडे ठोकून सपाट करण्यांत काय साधतें? गंज थांबवून ते तसेच ठेवले तर गाडीनें केलेलें काम तिच्या अंगावर वाचतां येतें.

कायदाहि या प्रश्नांत डोकावतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्यें झालेल्या दुरुस्तीप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें लोटलेल्या, वैयक्तिक वापराच्या व मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येतें. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षें. सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि असें वाहन नित्याच्या रहदारींत वा धंद्यांत वापरतां येत नाहीं. येथेंच पेंच येतो. डिझेल स्वस्त म्हणून कित्येक जीपगाड्यांचें पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें बसविलें गेलें. ज्या काटकसरीनें गाडी टिकली, तीच आतां तिच्या मानाआड येते. शिवाय पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असली, तर 'वैयक्तिक' या शब्दाची अडचण उभी राहते. म्हणून पहिला पाना फिरविण्याआधीं नोंदणीचें पुस्तक उघडावें व त्यांतील सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडून पाहावा. गंजलेला सांगाडा घासतांना तो क्रमांक पुसला जाणार नाहीं, एवढी काळजी पत्र्याचें काम करणाऱ्यास आधींच सांगून ठेवावी.

गाडी उभी झाल्यावर तिला ताडपत्रींत घट्ट गुंडाळूं नये. खालून वारा खेळेल अशी पडवी बरी, आणि खाडीकांठच्या फेरीहून परतल्यावर गोड्या पाण्यानें आधीं तळ धुवावा.