तंबू निवडताना आधी पाय पाहा

(पानिपत येथे कामगार कुटुंबांच्या हस्तकला-विक्रीच्या तयारीसाठी जमलेल्या सभासदांपुढे रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पानिपत म्हटले की मराठी माणसाला 14 जानेवारी 1761 हा दिवस आठवतो. दरवर्षी त्या तारखेला येथील काला अंब स्मारकापाशी महाराष्ट्रातून आणि हरियाणातून माणसे जमतात. या दिवसांत आपल्या भगिनींनी केलेल्या गोधड्या, वारली चित्रे, कापडी पिशव्या यांचे गाळे मोकळ्या मैदानात लावायचे असे आपण ठरविले आहे. त्या गाळ्यांसाठी तंबू कसले घ्यावेत, एवढ्याच प्रश्नावर आज बोलायचे आहे. प्रश्न लहान वाटेल. तो लहान नाही, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका मेळाव्यात आम्ही सर्वांत स्वस्त असा घडीचा तंबू आणला. जमीन फरशीची होती, म्हणून मेखा मारल्या नाहीत. नुसते चार पाय टेकवले. दुपारी वाऱ्याचा एकच झोत आला, तंबू उचलला गेला आणि त्याचा पाय पुस्तके विकत बसलेल्या आमच्या एका सभासदाच्या खांद्यावर आदळला. दीड महिना त्याला कामावर जाता आले नाही. दोष वाऱ्याचा नव्हता, आमचा होता. कमिटीने किंमत विचारली. तंबू जमिनीला कसा धरून राहील, हे विचारले नाही.

तंबू पडतो कमी वेळा, उडतो जास्त वेळा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. 10 फूट बाय 10 फूट छपरावर ताशी 40 किलोमीटर वेगाचा वारा ढोबळमानाने 70 किलोचा जोर लावू शकतो. तोच वारा 80 वर गेला तर जोर 280 किलोच्या घरात जातो. बाजूच्या कनाती लावल्या असतील तर तंबूचे शीडच होते. आणि घडीच्या तंबूचे स्वतःचे वजन असते जेमतेम 25-30 किलो.

तेव्हा प्रत्येक पायाला कमीत कमी 30 किलो वजन हवे, असे आम्ही ठरविले आहे. वजनाचा अंदाज आपल्या ट्रॅकमन बंधूंना सांगायला नको. 60 किलोचा रूळ म्हणजे मीटरला 60 किलो. त्याचा फूटभर तुकडा सुमारे 18 किलोचा. पण म्हणून यार्डातला तुकडा कोणी उचलून आणू नये. रेल्वेच्या मालाबाबतचा 1966 चा कायदा आपल्याला चांगला माहीत आहे. गोणीत वाळू भरा. गोणी पायाशी घट्ट बांधा आणि वरच्या कोपऱ्यापासूनही तिला दोर द्या. लोंबती गोणी वाऱ्यात झुलते आणि तीच माणसाला लागते. माती असेल तेथे वजनाबरोबर मेखाही मारा. मेखेचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेले असावे, आणि तणावा ताठ असावा.

खरेदी करताना कापडाचा रंग शेवटी पाहा. आधी पाय पाहा. पाय सरळ उभे असावेत. तिरपे पाय असले की खाली जागा दहा फूट आणि वर छप्पर आठच फूट मिळते. पाइपची जाडी हाताने तपासा. कैचीचे सांधे पाहा, कारण तंबू बहुधा सांध्यातच मोडतो. प्लास्टिकच्या सांध्यापेक्षा धातूचा सांधा घ्या, आणि सुटा भाग पुढे मिळेल काय ते दुकानदाराला विचारा. दुकानातच तंबू उभा करायला लावा आणि एक पाय धरून हलवा. सगळा सांगाडा लटपटत असेल तर घेऊ नका.

छपराला उतार चांगला हवा. येथे जानेवारीत धुके असते, अधूनमधून पाऊसही येतो. छप्पर सैल असेल तर पाणी साचते. शंभर चौरस फुटांवर सरासरी एक सेंटीमीटर पाणी म्हणजे 93 किलोचा भार. म्हणून कापड ताणलेले ठेवा आणि पाणी साचू लागले की आतून काठीने सारा.

आता आगीविषयी. याच हरियाणात, मंडी डबवाली येथे, 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या कार्यक्रमाच्या शामियान्याला आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यात लहान मुले फार होती. 10 एप्रिल 2006 रोजी मेरठच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये विक्री-प्रदर्शनाच्या मांडवांना आग लागून साठहून अधिक लोक मेले. तेही आपल्यासारखेच गाळे पाहायला आलेले लोक होते. घडीच्या तंबूचे कापड बहुतेक कृत्रिम धाग्याचे असते; ते वितळून अंगावर पडते. आग सहज न धरणारे कापड आहे काय, ते विचारा आणि तसे लेखी मागा. थंडी कितीही असो, तंबूत शेगडी किंवा हीटर नको. गाळ्याला मागूनही बाहेर पडता आले पाहिजे. वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक नळकांडे हाताशी हवे.

राजस्थानात जसोल येथे 23 जून 2019 रोजी वादळात कथेचा मांडव कोसळला आणि 14 जण मेले. तेथे लोखंडी सांगाड्यात वीजही उतरली होती. म्हणून वायर तंबूच्या पायाला गुंडाळू नका. विजेच्या तारेखाली तंबू नको. मांडवांसाठी भारतीय मानक आहे, त्यात रेल्वे लाइनपासून आणि वीज उपकेंद्रापासून किमान 15 मीटर अंतर सांगितले आहे. 25 हजार व्होल्टच्या तारेजवळ काम करणाऱ्यांना याहून जास्त सांगण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, एवढा मजबूत तंबू एका घराला कसा परवडेल? एकट्याला नाहीच परवडणार. म्हणून तो शाखेने घ्यावा, नोंदवहीत लिहावा आणि पाळीपाळीने द्यावा. सहा घरांनी सहा स्वस्त तंबू घेण्यापेक्षा दोन चांगले तंबू सामाईक घेणे शहाणपणाचे आहे. युनियन नुसती मागणीपत्रापुरती नसते. तंबू उभारायला रोजंदारीवर येणाऱ्या कामगारांना शिडी आणि पुरेशी माणसे देणे हीदेखील आपलीच जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या मालकाकडे आपण जे मागतो ते आपण मालक झालो की विसरायचे नाही.

शेवटची गोष्ट. प्रत्येक गाळ्यावर एक माणूस नेमा. वारा वाढला आणि त्याने “उतरवा” म्हटले की छप्पर उतरले पाहिजे, मग गिऱ्हाईक समोर उभे असले तरी चालेल. लाल सिग्नलपुढे ड्रायव्हर वाद घालत नाही. विक्री उद्याही होईल. गोधडी भिजली तर वाळेल. माणूस मात्र परत मिळत नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!