शेंद्र्याचे देणे



आम्ही बोलावयास उभे राहिलो की श्रोत्यांना वाटते, आता मजुरी, उचल आणि संप यांचे हिशेब ऐकावयाचे. आज विषय आंब्याचा आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि ऊसतोडीच्या तळावर कंदिलाच्या उजेडात अधिक झाले. तेव्हा शास्त्रज्ञाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु एका झाडाचे आम्ही देणे लागतो, ते निदान बोलून दाखवावयाचे आहे.

बीडकडच्या आमच्या गावी ओढ्याकाठी ‘शेंद्र्या’ नावाचा रायवळ आंबा होता. फळ लहान, पण गर दाट आणि बिनधाग्याचा. दुष्काळाच्या सालीही त्याच्या चार पाट्या उतरत. एका वर्षी तोडणीची उचल अंगावर राहिली. घरची माणसे कचरत होती, आम्हीच म्हणालो, “झाड वखारीला द्या. कोयी लावू, पुन्हा शेंद्र्या होईल.” पाच कोयी लावल्या, दोन झाडे जगली. पुष्कळ वर्षांनी फळ धरले. एकाचे आंबट, दुसऱ्याचे नुसता धागा! उचल फिटली, शेंद्र्या गेला तो गेलाच.

असे का झाले, ते पुढे वाचून कळले. आंब्याच्या मोहोरावर माश्या बसतात आणि एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. आपल्याकडील बहुतेक जातींच्या कोयीतून एकच रोप निघते व ते या संकराचे असते. कोयीची आई ठाऊक असते, बाप ठाऊक नसतो. म्हणून गुण जसाच्या तसा राखावयाचा तर कोय नव्हे, कलमच हवे.

याच्या उलट गोष्ट सौराष्ट्रात घडली. जुनागढ संस्थानचे वजीर सालेभाई यांनी १९३१ साली वंथळीस एका चांगल्या आंब्याची कलमे केली. त्यांतील सुमारे पाऊणशे गिरनारच्या पायथ्याशी लाल डोरी येथे लावली गेली. १९३४ साली नबाब महाबतखान तिसरे यांनी त्याचा केशरी गर पाहून ‘केसर’ हे नाव दिले. हाच केशर आज मराठवाड्याच्या कोरड्या रानांत रुजला आहे. २०१६ साली ‘मराठवाडा केशर’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. केशर राहिला आणि शेंद्र्या गेला, कारण केशरची काडी कोणीतरी वेळेवर काढली.

नवी जात मुद्दाम घडविताही येते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढून १९८१ साली दिली. पण हे काम मोठ्या चिकाटीचे. फूल इवलेसे, त्यातले पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावावयाचा आणि वर पिशवी बांधावयाची. शेकडो फुलांवर हात चालवावा, तेव्हा एखादे फळ टिकते. मग त्याच्या कोयीचे रोप फळावर येईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावयाची, आणि बहुतेक रोपे शेवटी नापास!

कोरडवाहू भागात ही परीक्षा अधिकच कडक असते. नुसती गोडी पाहून भागत नाही. झाड दरसाल धरते की आड वर्षी? वैशाखाच्या झळांत कैरी टिकते का? चुनखडीच्या जमिनीत पान पिवळे पडते का? मूळही पाहावे लागते. पिशवीतल्या रोपाचे सोटमूळ वेटोळे घेते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी खड्ड्यातच रायवळाची कोय लावावी आणि रोप जोमदार झाले की जागेवरच कलम बांधावे. मूळ सरळ खोल जाते व ओल शोधते. खाली रायवळाचा काटकपणा, वर निवडीची गोडी. आम्हां संघटनेच्या माणसांना ही जोडी फार आवडते!

आता ही निवड मूळची कोणाची? ओढ्याकाठी आंबे वेचणाऱ्या बायकांची आणि पोरांची. शेंद्र्या, खोबऱ्या, शेपू ही नावे त्यांनीच चाखून ठेविली. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला, किंबहुना साऱ्या गावाला, आपले वाण स्वतःच्या नावे नोंदविण्याचा हक्क दिला आहे आणि त्याला शुल्क पडत नाही. पण नोंद करावयास झाड तर उभे हवे!

म्हणून एवढेच मागणे आहे. आपणांपैकी अनेकांची गावाकडे जमीन आहे. यंदा आंबे खावयास जाल, तेव्हा कोणते झाड कोणत्या गुणाचे ते म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. पुढे कुऱ्हाड लावण्याची पाळी आलीच, तर आधी कलम बांधणाऱ्याला बोलवा. आमच्या पाच कोयींनी शेंद्र्या परत आला नाही. वीतभर काडीने तो राहिला असता.