अंग चोळून घेताना

आमचा बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली माणसं पाडव्याच्या आसपास परततात, ती मानेत आणि कमरेत मोळ्यांचं ओझं घेऊनच. मालिशची खरी गरज त्यांना. पण दुखणं गिळायची सवय झालेली. बायकांना तर अधिकच.

मालिश करणाऱ्यापुढं ही सोशिकता कामाची नाही. दुखतं कुठं, दाब किती सोसतो, जुनी मोडतोड कुठली, हे आधी सांगावं. जोर जास्त म्हणजे गुण जास्त, असं नसतं. जेवण झाल्याबरोबर मालिश नको. अजीर्णात अभ्यंग टाळावा आणि एरवी डोकं, कान, पाय यांना तेल आवर्जून लावावं, असं वाग्भटानं ‘अष्टांगहृदया’त सांगितलं आहे. अंग सैल सोडावं, श्वास कोंडू नये. उठल्यावर लगेच ओझं उचलू नये.

अंगात ताप असेल तर थांबावं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती मुळीच चोळू नये. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. आधी डॉक्टरांकडे जावं.

वेदनेला शब्द शोधणं हे माझं कवीचं काम. इथं मात्र साधे शब्द पुरतात : ‘भाऊ, इथं दुखतंय.’ तेवढं बोला.